दिवाळीनंतर स्वित्झर्लंड : खरंच सगळं बंद असतं का?

मालवा_एक्सप्रेस (धागाकर्ता)
इंदूरकर मंडळी, सल्ला हवाय. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला. भाऊबीज आटोपली की आई-बाबा, आम्ही दोघं आणि सहावीतली कन्या असे पाच जण स्वित्झर्लंडला जावं असं डोक्यात आहे. मे महिन्यात माझं ऑफिस मला सोडत नाही, आणि मेमधले हॉटेलांचे भाव ऐकून बाबांनी “त्यापेक्षा ओंकारेश्वरला महिनाभर राहू” असं जाहीर केलंय.

इथल्या एका एजंटकडे गेलो. तो म्हणाला, “नवंबर में? सर, वहाँ सब बंद रहता है, खाली पहाड़ देखोगे क्या?” आणि मेच्या ग्रुप टूरचं रंगीत पत्रक हातात ठेवलं.

आता मला सांगा, माणूस तिथे पहाड बघायलाच जातो ना? मग नक्की बंद काय होतं, आणि जे बंद होतं त्यावाचून आमचं अडेल का?

सराफा_रात्री_बारा
आल्प्सला शटर लावायचं म्हणजे केवढं लागेल भिया!

जिरावन
माझ्या साडूंनी हाच प्रकार केला होता. परत आल्यावर फोटो दाखवायला बोलावलं नाही, त्यावरून काय समजायचं ते समजा.

बर्नवासी
मूळचा रामबागेतला, आता बरीच वर्षं बर्नमध्ये. एजंट खोटं बोलत नाहीये, फक्त त्याच्या सोयीचं तेवढंच बोलतोय.

इथे वर्षातून दोनदा मधला काळ येतो. एक ईस्टरनंतर मे संपेपर्यंत, दुसरा ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. डोंगरात चालायला येणारे परतलेले असतात, स्कीवाले अजून यायचे असतात. त्या फटीत केबल कारवाले यंत्रं उघडून बसतात आणि हॉटेलवाले स्वतः सुट्टीवर जातात. तुम्ही नेमके त्या फटीत येताय.

बंद काय? ग्रिंडेलवाल्डचं फर्स्ट, मेनलिखेन, शिनिगे प्लाटे हे डोंगर, ब्रिएन्झच्या रोटहॉर्नवर जाणारी वाफेची गाडी, ट्रुमेलबाखचे डोंगराच्या पोटातले धबधबे. काचेच्या छपराची ग्लेशियर एक्सप्रेस गाडीसुद्धा ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत धावत नाही. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन हे घाट बर्फ पडला की बंद, ते थेट मे-जूनपर्यंत. त्यामुळे गाडी भाड्याने घेऊन घाट फिरायचा बेत असेल तर तो सोडा.

चालू काय? युंगफ्राउयोखची, म्हणजे युंगफ्राउ शिखराजवळच्या खिंडीत जाणारी रेल्वे बाराही महिने. झरमाटहून गोर्नरग्राट, ३०८९ मीटर, तीही. रिगी डोंगराची रेल्वे चालू, बर्निना एक्सप्रेस ही घाटातली गाडी चालू. लुसर्नच्या तलावात बोटी चालू, फेऱ्या कमी. ब्रिएन्झच्या तलावातल्या मात्र थांबतात. टिटलिस आणि पिलाटस या डोंगरांवरच्या केबल कार चालतात, पण शरदात काही दिवस तपासणीसाठी बंद ठेवतात. त्या तारखा त्यांच्या साइटवर आधीच लागतात, तेवढ्या बघून तिकिटं काढा.

आणि ग्लेशियर एक्सप्रेस बंद म्हणजे रूळ उचलून नेत नाहीत. झरमाट ते सांक्ट मोरिट्झ त्याच मार्गावर रोजच्या साध्या गाड्या धावतात. मध्ये गाड्या बदलायच्या, काचेचं छप्पर नाही, पण आरक्षणाचा जादा खर्चही नाही. दऱ्या, पूल, बोगदे सगळे तेच.

स्कीम_७८
बर्नवासींचा मान राखून सांगतो, जाऊ नका. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, टूरबरोबर. सकाळी खिडकी उघडली की राखाडी, दुपारी राखाडी. पावणेपाचला सूर्यास्त, म्हणजे असं कॅलेंडर म्हणत होतं, आम्हाला सूर्य दिसलाच नव्हता. तलाव कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. गाइड म्हणे “समोर पिलाटस आहे.” असेल बुवा. एवढे लाख घालून धुकं बघायचं तर जानेवारीत पहाटे बायपासवर उभं राहावं.

मेघा_वीणानगर
काका, तुमच्या टूरने तुम्हाला वर नेलंच नाही का? राग नका मानू, पण ते धुकं खालीच असतं.

शरदात आणि हिवाळ्यात वारा पडला की थंड जड हवा खालच्या सपाट भागात आणि तलावांवर साचते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असते. एरवी वर जाल तसं थंड होतं, इथे उलट. त्या थंड थरात धुक्याची गादी तयार होते आणि दिवसच्या दिवस हलत नाही. तिची वरची कड पुष्कळदा हजारेक मीटरच्या आसपास असते. रिगीचा माथा १७९७ मीटर. आम्ही लुसर्नला दिवे लावून नाश्ता केला, बोटीने वित्सनाउ, तिथून रिगीची दात्यांच्या रुळावर चढणारी रेल्वे (१८७१ सालची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे). गाडी धुक्यात शिरली आणि थोड्या वेळाने डब्यातल्या सगळ्यांनी एकदम गॉगल शोधायला सुरुवात केली. वर लख्ख ऊन, खाली सगळा देश पांढऱ्या समुद्राखाली आणि पलीकडे आल्प्सची अख्खी रांग. सासूबाईंनी स्वेटर काढून कमरेला बांधला!

हे दृश्य मेमध्ये बघायला मिळत नाही. नोव्हेंबर त्याचा महिना आहे.

बर्नवासी
मेघाताई, अगदी. इथले लोक तर रविवारी सकाळी आधी वरचे वेबकॅम बघतात आणि मगच ठरवतात. मालवाभाऊ, तुम्हीही हीच सवय लावा. डोंगरावरचं तिकीट भारतातून तारीख ठरवून काढू नका. सकाळी उठा, शिखरावरचा कॅमेरा बघा, इथल्या हवामान खात्याचं, मेटिओस्विसचं, अॅप बघा, वर निळं दिसलं तर निघा. ऑफ-सीझनला तसं करता येतं कारण जागा मिळते. मे-जूनमध्ये युंगफ्राउच्या गाडीत बसायला आधीच आरक्षण करून ठेवावं लागतं, मग त्या दिवशी वर वादळ असलं तरी गेलात.

पण काकाही चुकीचे नाहीत. कधी ढग तीन हजार मीटरपर्यंत भरलेले असतात, पाऊस-बर्फ लागून राहतो. तेव्हा वर-खाली सगळीकडे राखाडीच. म्हणून हाताशी मोकळे दिवस हवेत. टूरच्या वेळापत्रकात ते नसतात, काकांचा घात तिथे झाला.

स्कीम_७८
घात झाला एवढं तरी मान्य केलंत. आभारी आहे.

पोलोग्राउंड_रिटायर्ड
केबल कारची दुरुस्ती म्हणजे लोकांना वाटतं कर्मचाऱ्यांना सुट्टी हवी असते. जन्मभर तारा आणि पुल्यांत काढला, म्हणून दोन शब्द.

मोठ्या केबल कारमध्ये एक जाड तार डबा पेलते आणि दुसरी ओढते. पेलणारी तार खांबावर ज्या खोबणीत टेकते तिथे डबा गेला की ती दरवेळी त्याच जागी वाकते. वर्षानुवर्षं तोच तुकडा वाकला तर आतले वायर थकतात. म्हणून काही वर्षांनी अख्खी तार काही मीटर पुढे सरकवतात, म्हणजे टेकणारा तुकडा बदलतो. प्रचंड ताणातली ती तार ढिली करायची, सरकवायची, पुन्हा ताणायची, हे प्रवासी चालू ठेवून होत नाही. शिवाय तारेच्या आतला तुटलेला धागा डोळ्याला दिसत नाही, तो चुंबकीय यंत्र फिरवून शोधतात. छोट्या गोंडोलांत डबा तारेला धरून ठेवणारे जबडे एकेक काढून तपासतात. त्यात बचावाच्या कवायती आल्या, अडकलेल्या डब्यातून माणसं दोराने खाली उतरवायच्या.

ही कामं भर सीझनमध्ये काढणारा मालक मला आवडणार नाही. बंदची पाटी बघून निश्चिंत व्हा.

सराफा_रात्री_बारा
दादा, पुढच्या वेळी देवासच्या टेकडीवर रोपवेत बसेन तेव्हा तुमचा हा प्रतिसाद आठवून डोळे मिटून घेईन.

पोलोग्राउंड_रिटायर्ड
डोळे उघडे ठेवा. जबडा वरच असतो, दिसतो.

राजवाडा_चौक
मला एक कळत नाही. एवढी ऑफ-सीझनची हौस आहे तर मेमध्ये मांडूला जा ना. जहाजमहालात तुम्ही आणि माकडं, तिसरं कुणी नाही.

जिरावन
आणि दुपारी दोन वाजता माकडंसुद्धा उठून जातात.

मेघा_वीणानगर
मांडूचा सीझन पावसाळा, त्याला तोड नाही. पण जुलैच्या रविवारी एकदा जाऊन या. गाड्या लावायला जागा नाही, भुट्ट्याचा धूर, प्रत्येक कमानीत सेल्फी. पातालपाणी धबधब्याची तीच गत. गर्दीला कंटाळून ऑफ-सीझन शोधणारी माणसं वेडी नसतात हो.

एकांतप्रिय
धुक्यावर आणि केबल कारवर बरंच झालं, आता माझं ऐका. आम्ही दोघं मुद्दाम या काळात वेंगनला राहिलो. गाव १२७४ मीटरवर, मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दात्यांची रेल्वे हाच रस्ता. संध्याकाळी उतरलो तेव्हा आमच्याबरोबर एक शाळकरी पोरगी आणि एक सुतार उतरला. बहुतेक हॉटेलांचे पडदे ओढलेले, रेस्तराँच्या दारांवर सुट्टीच्या तारखांच्या पाट्या. सगळ्या गावात हातोड्यांचा आवाज, कारण पुढच्या सीझनची डागडुजी चालू. किराण्याचं दुकान मात्र उघडं, आणि दुकानदारीणबाईंना गप्पांना वेळ होता. मी विचारलं, हिमस्खलनाची भीती नाही वाटत का, तर त्यांनी खिडकीतून बोट दाखवून कुठल्या उतारावरून बर्फ कुठे येतं आणि कुठे कधीच येत नाही ते सांगितलं. जुलैमध्ये त्याच बाईंना मान वर करायला फुरसत नसते.

आम्ही रोज भात लावायचो, सकाळी चालायचो, दुपारी वाचायचो. बघण्यासारखं काय काय केलं असं विचाराल तर यादी अगदी तोकडी आहे. मला ती सहल सगळ्यांत आवडली.

स्कीम_७८
भात लावून पुस्तकच वाचायचं तर स्कीम ७८मध्ये खोली देतो, भाडं पण कमी घेईन.

एकांतप्रिय
तुमच्या गच्चीवरून युंगफ्राउ दिसत असेल तर आजच बॅग भरते, काका.

बर्नवासी
एकांतप्रिय, छान लिहिलंत. पण मालवाभाऊंच्या घरच्यांना हे चालेल का? सहावीतलं पोर तिसऱ्या संध्याकाळी भिंती खरवडायला लागेल. उन्हाचाही प्रश्न आहे. लाउटरब्रुनेनसारख्या अरुंद दरीत या दिवसांत सूर्य उशिरा डोकावतो आणि लवकर कड्यामागे जातो. श्टाउबबाख धबधबा २९७ मीटर उंच खरा, पण त्याचं पाणी वितळत्या बर्फाचं. मे-जूनमध्ये तो दणकतो, नोव्हेंबरात धार बारीक झालेली असते. फोटोत पाहिलेला धबधबा मनात धरून येऊ नका.

कुटुंब घेऊन येणाऱ्याने या काळात मुक्काम खालच्या गावात करावा, जिथे लोक बारा महिने राहतात. लुसर्न किंवा इंटरलाकेन. दुकानं, हॉटेलं, गाड्या सगळं चालू. वर फक्त चांगल्या दिवशी जायचं. इंटरलाकेनहून हार्डर कुल्म डोंगराची फ्युनिक्युलर (तारेने ओढली जाणारी रेल्वे) नोव्हेंबरात असते, १३२२ मीटरवरून दोन्ही तलाव दिसतात, तास-दोन तासांचं काम. आणि हॉटेलाकडून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, त्यावर गावातल्या बस फुकट. मागितल्याशिवाय काही वेळा देत नाहीत.

नाडीपरीक्षा
आजी-आजोबांसाठी लिहिते. युंगफ्राउयोख ३४५४ मीटर. केदारनाथ ३५८३, म्हणजे आपल्याकडची पुष्कळ ज्येष्ठ मंडळी याहून वर जाऊन आलेली आहेत. फरक वेगाचा आहे. केदारनाथला चालत जा नाहीतर घोड्यावरून, शरीराला थोडा तरी वेळ मिळतो. इथे इंटरलाकेनच्या पावणेसहाशे मीटरवरून दीड-दोन तासांत थेट वर. डोकं जड होणं, दम लागणं, मळमळ, हे कुणालाही होऊ शकतं, वय बघून होत नाही.

ग्रिंडेलवाल्डहून नवी केबल कार आयगरग्लेशरला, २३२० मीटरवर सोडते. तिथे अर्धा तास बसा, चहा घ्या, मग बोगद्यातली गाडी पकडा. वर पोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, पोराला धावू देऊ नका, पाणी पीत राहा. बरं वाटेना तर पुढच्या गाडीने खाली, फोटोसाठी थांबू नका. बाबांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारा. नुसतं “थंडीत जातोय” असं सांगू नका, उंची सांगा.

मालवा_एक्सप्रेस
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचतोय. नाडीपरीक्षाताई, बाबांना बीपी आहे, गोळी चालू आहे. विचारून घेतो.

दोन उपप्रश्न. एक, नोव्हेंबरात खरंच स्वस्त पडतं का? दोन, आई आत्तापासून खाण्याची यादी करतेय. त्यात साजूक तूप, मथुरेचे पेढे आणि दोन किलो लसणी शेव आहे.

बर्नवासी
शेव आणा, चिवडा आणा, भाकरवडी, पापड, लोणचं सगळं आणा, आणि त्यातलं थोडं बर्नलाही पोचवा. पेढे आणि तूप मात्र घरी ठेवा. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला इथे मनाई आहे, विमानतळावर सापडलं तर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. आईंना सांगा, दूध-लोणी इथे बरं मिळतं. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. नळाचं पाणी खुशाल प्या.

सराफा_रात्री_बारा
दोन किलो?? पाच माणसं आणि दोन किलो शेव? इंदूरचं नाव घालवाल.

जिरावन
जिरावन मसाल्याची पुडी घ्यायला विसरू नका. प्रचार करत नाहीये.

संचालक
शेवेसाठी वेगळा धागा आहे, आणि तो जोरात चालू आहे.

हिशेबी
पैशांचं मी सांगते. हॉटेलं उतरतात, तलावाकाठच्या गावांत चांगलीच. युंगफ्राउचं तिकीटही उन्हाळ्यापेक्षा या काळात कमी असतं. साध्या गाड्यांचं भाडं मात्र वर्षभर तेच. विमान दिवाळीच्या आगेमागे महाग, हे लक्षात घ्या. इंदूरहून झुरिकला थेट विमान नाही, मुंबई-दिल्लीचा हिशेब धरावा लागतो.

सगळेजण डोळे मिटून स्विस ट्रॅव्हल पास घेतात. उन्हाळ्यात रोज बोट, रोज डोंगर, तेव्हा तो वसूल होतो. नोव्हेंबरात दिवस लहान, बोटी कमी, दोन दिवस पाऊस, तेव्हा हाफ फेअर कार्ड घेऊन तिकिटं निम्म्या दरात काढणं परवडतं का ते कागदावर मांडून बघा. पासात रिगी पूर्ण धरलेला असतो, पण युंगफ्राउयोखला फक्त पाव सवलत, आणि हाफ फेअर कार्डावर तिथे अर्धी. तुमच्या पाच जणांत हा फरक लहान नाही. मुलीला फॅमिली कार्ड मागा. सोळा वर्षांखालचं मूल पासधारक किंवा कार्डधारक आई-बाबांबरोबर फुकट फिरतं.

व्हिसाची फी जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा नवरात्राची वाट बघू नका.

राजवाडा_चौक
एवढ्यात ओंकारेश्वरला महिना नाही, वर्ष निघेल. बाबांचं बरोबर आहे.

लार्च_आणि_लोणचं
थोडं वेगळं. तारखा हलवता येत असतील तर दिवाळीनंतर नको, आधी जा. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा. तिथला लार्च हा सूचीपर्णी असूनही पानं गाळणारा वृक्ष. एंगाडीनमध्ये आणि वालिसच्या दऱ्यांमध्ये ऑक्टोबरात तो सोनेरी होतो, वर ताजा बर्फ, खाली सोनं. बरेचसे डोंगर अजून उघडे, गर्दी ओसरलेली. नोव्हेंबरच्या मध्यावर ते सोनं जमिनीवर पडलेलं असतं.

मालवा_एक्सप्रेस
आधी जायचं तर दिवाळीची साफसफाई कोण करणार, असा प्रश्न घरून आला आहे. उत्तर द्यायची माझी हिंमत नाही.

लार्च_आणि_लोणचं
मग नोव्हेंबर. पण पाऊस लागला तर दक्षिणेकडे पळा. आल्प्सची रांग ढग अडवते, त्यामुळे उत्तरेला झड लागलेली असताना दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतात पुष्कळदा ऊन असतं. लुसर्नहून ५७ किलोमीटरच्या गोथार्ड बोगद्यातून गाडी निघते आणि लुगानोला ताडाची झाडं दिसतात. उलटंही घडतं, दक्षिणेला पाऊस आणि उत्तरेला फ्योन वारा. तो उबदार आणि कोरडा, डोंगर इतके स्वच्छ दिसतात की हात लावावासा वाटतो. काही लोकांचं डोकं मात्र दुखतं त्याने.

स्कीम_७८
माझं डोकं बिल बघून दुखलं होतं. बाकी मेघाचं ते रिगीचं वर्णन वाचून घरी विचारणा झाली की आपण तिथे का नव्हतो गेलो. टूरवाल्याचं नाव घेत नाही, पण त्याने आम्हाला त्या दिवशी घड्याळांच्या दुकानात तीन तास बसवलं होतं.

मालवा_एक्सप्रेस
ठरत आलं. मुक्काम आधी लुसर्न, मग इंटरलाकेन. रिगी आणि युंगफ्राउ वेबकॅम बघून, टिटलिस उघडं असेल तर. ग्लेशियर एक्सप्रेसऐवजी बर्निना, आणि हवा बिघडली तर लुगानो. टूर नाही. बाबा अजून तळ्यात-मळ्यात आहेत, पण केदारनाथपेक्षा कमी उंच आहे हे ऐकून त्यांना ते जरा सोपं वाटायला लागलंय.

बर्नवासी
परतीची तारीख २३ नोव्हेंबरनंतरची ठेवता आली तर बघा. नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी बर्नमध्ये कांद्याची जत्रा असते, यंदा ती २३ला. आजूबाजूचे शेतकरी कांद्या-लसणाच्या वेण्या घेऊन पहाटे अंधारात येतात. पाच वाजता गल्ल्या भरलेल्या, कांद्याचा टार्ट, गरम वाइन, आणि पोरं एकमेकांवर कागदाचे रंगीत तुकडे उधळतात. पर्यटकांसाठी मांडलेलं नाही, इथल्यांचंच आहे. मुलीला आवडेल.

जिरावन
पहाटे पाचला रस्त्यावर उभं राहून खाणारे लोक? हे तर आपलेच निघाले.

मालवा_एक्सप्रेस
लिहून घेतलं! शेवटचं एक, बर्नवासी. आईचे गुडघे दुखतात. स्टेशनांवर जिने किती? आणि बर्फावरून चालायला बूट कुठले?

बर्नवासी
मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार असतात, आणि नव्या गाड्यांचे दरवाजे फलाटाच्या पातळीला. जुन्या डब्यांना दोन-तीन पायऱ्या येतात, त्या उंच असतात. गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा उतरायच्या आधीच दाराशी येऊन उभं राहा. बाहेर चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेला डबा दिसला तर तो बहुधा बिनपायरीचा. बर्न आणि लुसर्नच्या जुन्या गल्ल्या दगडी आहेत, ओल्या झाल्या की घसरतात. बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे घ्या आणि इंदुरातच पंधरा दिवस घालून फिरवा. आईंसाठी बुटावर चढवायचे रबरी काटे मिळतात, ते इथे आल्यावर घ्या. युंगफ्राउवर बर्फातल्या पठारावर दोर लावलेला असतो, त्याला धरून चालायचं. आणि काठी आणा, घडी होणारी.